पाटीवरचे मालवण

मालवण, तारकर्ली, देवबाग या किनाऱ्यावर उतरलेल्या प्रवाशास जेवणघरांची उणीव भासत नाही. रस्त्याच्या दुतर्फा पाट्यांची दाटी असते, आणि त्यांतील कित्येकांवर तीन शब्द शेजारी शेजारी नांदताना दिसतात: मालवणी, पंजाबी, चायनीज. परंतु आत बसून जेवावे, किंवा पार्सल बांधून मुक्कामी न्यावे, तर या तिन्ही शब्दांतून पुष्कळदा एकच पदार्थ निघतो. रंगाने तांबडा, वर तेलाचा तवंग, आणि चवीस केवळ तिखट. चांगले जेवण मिळत नाही, अशी कुरकुर करीत प्रवासी घरी परततो.

या दुरवस्थेचा दोष कोणाचा, याविषयी सुशिक्षित मंडळींत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, परक्या पदार्थांनी आपले जेवण बुडविले. दुसरा म्हणतो, गिऱ्हाईक मागेल ते पुरवावे, यालाच व्यापार म्हणतात. आमच्या मते दोन्ही पक्ष चुकतात, कारण दोघेही पाटी वाचून न्याय देतात. चुलीपर्यंत कोणीच जात नाही.

प्रथम स्वदेशाभिमान्यांचा समाचार घेऊ. ज्या मिरचीवाचून मालवणी मसाल्याची कल्पनाच करवत नाही, ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली. ओल्या काजूगरांची उसळ ज्या झाडामुळे शक्य झाली, ते झाडही त्याच वाटेने आले. समुद्रकाठच्या माणसाने परक्याचा धसका कधी घेतला नाही. जे आले ते त्याने पाट्यावर वाटले, त्यात ओले खोबरे घातले आणि आपलेसे केले. चायनीज म्हणून जे आपल्याकडे विकले जाते, तेही पुरते चिनी नाही. कलकत्त्यात स्थायिक झालेल्या हक्का चिन्यांनी ते हिंदी जिभेस रुचेल असे घडविले, आणि ज्याच्यावाचून आज एकही गाडी चालत नाही ते चिकन मंचुरियन तर नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईतच निर्माण केले, असे सांगतात. अशा मिश्रणात पाप नाही. कुशल हाताने केलेले मंचुरियन हे बेफिकीर हाताने केलेल्या कोंबडीवड्यांहून शतपटीने बरे.

परदेशचा दाखला पाहिला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पाटण्यात जन्मलेले दीन महंमद हे गृहस्थ १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरी जाऊन राहिले, १७९४ मध्ये त्यांनी तेथे आपले प्रवासवर्णन इंग्रजीत प्रसिद्ध केले, आणि १८१० मध्ये लंडनला हिंदी पद्धतीचे भोजनगृह काढले. ते चालले नाही; १८१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. पुढे विलायतेत हिंदी म्हणून जी असंख्य जेवणघरे निघाली, त्यांतील बहुतेकांचे मालक सिल्हेटकडील बंगाली मुसलमान. कॉर्क किंवा डब्लिन शहरी नोकरीनिमित्त राहणारा आपला मराठी तरुण संध्याकाळी पार्सल उघडतो, तेव्हा हिंदी या नावाखाली त्यास जे मिळते ते त्याच्या आईने जन्मात केलेले नसते. तो हसतो आणि क्षमा करतो; कारण करणारा परका, खाणारा परका, आणि पाच हजार मैलांवरचे खोबरे तरी कोठून आणावे? परंतु हाच तरुण सुटीत गावी येतो आणि मालवणच्या बाजारपेठेतून मालवणी जेवण बांधून नेतो, तेव्हा तेही त्याला ओळखू येत नाही. येथे माड दाराशी आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, रांधणाऱ्या बायका घरोघर आहेत. येथे क्षमा कोणत्या सबबीवर मागावी?

मालवणी स्वयंपाकाचे मर्म विविधतेत आहे, तिखटपणात नाही. बांगड्याच्या आमटीत तिरफळे पडतात, आणि जाणती बाई तीत कांद्यास फिरकू देत नाही. मोरीस भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लागते. पेडव्यांचे तिखले अंगासरशी राहते. तिसऱ्यांना ओले खोबरे पुरते, आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यास गरम मसाल्याची जोड हवी. सोले कोठे किती घालावी, हे मासळी पाहून ठरते. आता पुष्कळशा जेवणघरांतील रीत पाहा. सकाळी एका मोठ्या टोपात वाटण परतून ठेवतात, आणि दिवसभर त्यातूनच कोळंबीचा, कोंबडीचा, सुरमईचा रस्सा उत्पन्न होतो. मासळी बदलते, रस्सा बदलत नाही. त्याच टोपात थोडी साय व साखर पडली की पंजाबी होते. बाटलीतील काळा रस पडला की चायनीज. जो हात मोरी आणि बांगडा यांत भेद करीत नाही, तो पंजाब व चीन यांत कोठून करणार?

आता व्यापारवाल्यांकडे वळू. गिऱ्हाईक सुरमई आणि पापलेटच मागते, आम्ही काय करावे, असा त्यांचा सवाल आहे. परंतु पाचशे किलोमीटरांवरून मुंबईहून आलेल्या मनुष्यास मुडदुशे किंवा सौंदाळे ही नावे ठाऊक तरी कोणी करून दिली? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्व मार्गावर धावू लागली. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ उघडला. पाहुणा येण्याच्या वाटा रुंद झाल्या, आणि त्याच्यापुढे मांडायचे ताट मात्र अरुंद होत गेले. भोजनपत्रिकेवर सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी एवढेच छापायचे, आणि मग गिऱ्हाईक दुसरे काही मागत नाही म्हणून त्यासच नावे ठेवायची, हा न्याय अजब आहे.

पावसाळ्यात तर या पत्रिकेचा खोटेपणा उघडा पडतो. १ जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, आणि तरीही पत्रिकेवरील सुरमई हलत नाही. ती बर्फातून येते, दूरवरून येते, आणि ताजी म्हणून खपते. त्याच दिवसांत गावातील घरांत सुके बांगडे निखाऱ्यावर भाजले जात असतात, गोलम्याचे सुके होत असते, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज रटरटत असते, टाकळ्याची कोवळी पाने खुडली जात असतात, फणसाच्या आठळ्या भाजीत पडत असतात. एवढे वैभव शेजारच्या चुलीवर असता पाहुण्यास बर्फातला मासा वाढणे, यास आतिथ्य म्हणवत नाही.

ही केवळ जिभेची तक्रार असती तर आम्ही मासिकाची पाने अडविली नसती. तीनचार जातींच्याच मासळीस मान, आणि बाकीच्यांस उपेक्षा, याचा परिणाम समुद्रावर होतो. ज्या मासळीस ताटात स्थान नाही तिला बाजारात भाव नाही, आणि भाव नसलेली तारली टनावारी तेलाच्या व खताच्या कारखान्यांकडे जाते. इकडे रापण ओढणारे जुने मच्छीमार, ज्यांच्यात जाळ्यास हात लावणाऱ्या प्रत्येकास वाटा मिळतो, मोठ्या यांत्रिक जाळ्यांशी वर्षानुवर्षे झगडत आहेत. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी तंटा मिटलेला नाही. किनाऱ्यालगतच्या जाळ्यात जे सापडते ते नाना जातींचे, लहानमोठे, रोज निराळे असते. त्यास सन्मानाने विकत घेणारे जेवणघर नसेल, तर रापणकराच्या कैवाराची भाषणे पोकळच ठरतील.

यावर उपाय नवा शोधावयास नको. तो आपल्याच इतिहासात आहे. गिरणगावात कोकणचा चाकरमानी दोन वेळचे जेवला, तो पाटी लावलेल्या हॉटेलात नव्हे, तर चाळीतल्या एका खोलीत, खानावळवालीच्या हातचे. डबा नेणाऱ्यास डबा मिळे, पंगतीस बसणाऱ्यास पान. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडविण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा उद्योग आरंभिला. म्हणजे घरच्या चुलीवरचे जेवण विकता येते, त्यावर संसार चालतो, आणि संघटित झाल्यास पतही मिळते, हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. मग आज मालवणात, जिच्या हातात सात प्रकारचे वाटण आहे ती बाई जेवणघराच्या मागील दारी केवळ भाकऱ्या थापावयास का बसावी, आणि रश्शाचा टोप दूरदेशाहून आलेल्या एखाद्या गरीब पोराच्या हवाली का असावा? त्या पोराचा दोष नाही; बांगडा कसा शिजतो हे त्यास कोणी दाखविलेलेच नसते. दोष त्या मालकाचा, जो जाणतीस भाकरीचा भाव देतो आणि अजाणत्याकडून रस्सा करवितो.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. जेवणघरांनी छापील पत्रिकेशेजारी एक खडूची फळी टांगावी आणि त्या दिवशी जे आले तेवढेच तीवर लिहावे. रांधणाऱ्या बाईस आचाऱ्याचा दर्जा आणि आचाऱ्याचा पगार द्यावा. घरगुती खानावळींस पार्सलाचे काम मिळेल अशी सोय पर्यटन खात्याने व ग्रामपंचायतींनी लावावी. चायनीजची गाडी खुशाल चालू द्यावी. तिच्याशी आमचे वैर नाही. फक्त तिचा टोप निराळा असावा.

आणि जे वाचक सुटीत सहकुटुंब या किनाऱ्यावर जातात, त्यांच्याकडेही या कर्तव्याचा वाटा आहे. पत्रिका मिटून ठेवावी आणि वाढणाऱ्यास त्याच्याच बोलीत विचारावे, “आज काय गावलां?” उत्तरात जे नाव येईल ते ओळखीचे नसले तरी तेच मागवावे, मुलांनाही तेच खाऊ घालावे, आणि सुरमईहून स्वस्त पडले म्हणून त्यास हलके समजू नये. दहा पाहुण्यांनी हा प्रश्न विचारला तर अकराव्या दिवशी खडूची फळी आपोआप टांगली जाईल.