महाएपिसोड आणि रात्रीचे जेवण

शाळांच्या परीक्षा संपल्या की आमच्या घरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी होतात. गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणे पडतात आणि खाली रिमोटवरून भांडणे सुरू होतात. सुट्यांचा वास वाहिन्यांनाही बरोबर लागतो. संपलेली एखादी मालिका नवे नाव लावून परत येते, एखादी कोरी करकरीत उतरते आणि उरलेल्या संध्याकाळी क्रिकेट खाऊन टाकते.

या सदरात मी एरवी पित्त, गुडघे, सर्दी-पडसे असे विषय घेतो. आज टीव्हीवर लिहिणार म्हटल्यावर सौ. म्हणाली, "त्याचा आरोग्याशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो मला माझ्याच घरात, माझ्याच आईमुळे कळला. ते पुढे सांगतो. आधी एक प्रेक्षक म्हणून चार मते मांडू द्या. मी टीव्हीला नाके मुरडणाऱ्या डॉक्टरांपैकी नाही. रात्री पंचवटीतला दवाखाना बंद करून घरी आलो की चपला काढायच्या आत माझी नजर पडद्याकडे जाते.

परत आलेल्या कार्यक्रमांत सर्वांत आरोग्यदायी कोणता, असे कोणी विचारले तर मी २०२० च्या टाळेबंदीतले 'रामायण' सांगेन. मूळ मालिका जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली होती, रविवारी सकाळी. दूरदर्शनने २८ मार्च २०२० पासून ती पुन्हा दाखवली, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. मी हे भक्तिभावाने म्हणत नाही. कारण साधे आहे. गोष्ट सर्वांना पाठ, त्यामुळे उद्या काय होणार या काळजीने कोणाची झोप उडत नव्हती. घरातली सगळी माणसे एकत्र बसत, दहाला उठत आणि अंथरुणावर पडत. बाहेर रोगाची एवढी भीती असताना माझ्या कितीतरी रुग्णांना त्या तासाने शांत झोप दिली. झोपेच्या गोळ्या मागायला आलेल्या दोघा-तिघांना मी गोळीऐवजी तेच सांगितले होते.

'सीआयडी'चे मात्र दुरून नमस्कार. १९९८ साली सुरू झालेला हा कार्यक्रम २०१८ मध्ये थांबला आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आला. शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न मला आवडतो, पण त्यातल्या डॉ. साळुंखेंनी आम्हा डॉक्टरांची फार पंचाईत करून ठेवली आहे. नळीत काहीतरी ओतले, रंग बदलला, की विष कोणते, कोठून आणले, सगळे कळले! इकडे आमच्याकडे रक्त दिल्यावर दहा मिनिटांत नातेवाईक विचारतात, "रिपोर्ट अजून नाही?" नाशिकलाही न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तेथे काम करणाऱ्यांनी हा कार्यक्रम पाहिला तर त्यांना हसू येत असेल की रडू, देव जाणे.

गमतीचा भाग सोडला तरी मालिकांतला एक आजार मला खरोखर खटकतो, तो म्हणजे हृदयविकाराचा झटका. मालिकेतला बाप मुलीचे पत्र वाचतो, छातीची डावी बाजू धरतो आणि कोसळतो. प्रत्यक्षात असे होतेच असे नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये पुष्कळदा नुसता जबडा दुखतो, पाठ भरून येते, दम लागतो, मळमळते, दरदरून घाम फुटतो. पंचावन्न वर्षांच्या एक बाई अशा लक्षणांवर रात्रभर सोडा पीत बसल्या आणि सकाळी माझ्याकडे आल्या. "अटॅक असता तर छातीत कळ आली असती ना, डॉक्टर?" हे त्यांचे शब्द. त्या वाचल्या. पण हे ज्ञान त्यांना कोठून मिळाले, हे मला विचारावे लागले नाही.

'देवमाणूस'बद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. झी मराठीवर २०२० मध्ये ही मालिका आली, मग डिसेंबर २०२१ मध्ये दुसरा भाग आणि २०२५ च्या जून महिन्यात 'मधला अध्याय'. गावाचा विश्वास कमावलेला तोतया डॉक्टर आणि त्याने केलेले खून, असे मूळ कथानक. आमच्यातल्या काहींना त्याचा राग आला. मला नाही आला. मालिका भडक आहे, रात्री उशिरा पाहू नये, हे खरेच. पण ती पाहिल्यावर निफाडकडचे एक शेतकरी गृहस्थ दवाखान्यात आले, खुर्चीवर बसण्याआधी भिंतीकडे पाहिले आणि म्हणाले, "तुमचा नंबर कुठंय?" मी त्यांना नोंदणी क्रमांक दाखवला आणि मनापासून आनंद झाला. प्रत्येक डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो क्रमांक असायलाच हवा आणि तो विचारण्यात कोणाचा अपमान नाही. तीस वर्षे मी हे सांगत होतो, कोणी ऐकले नव्हते.

आता 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. जुलै २००० मध्ये ती सुरू झाली तेव्हा वेळ होती रात्री साडेदहाची. २००८ मध्ये संपली आणि जुलै २०२५ मध्ये परत आली, वेळ पुन्हा साडेदहाचीच! मालिका त्याच वेळेला परत आली, पण पाहणारी बाई त्याच वयाची राहिलेली नाही. तेव्हा चाळिशीत असलेली गृहिणी आता पासष्टीला टेकली. तेव्हा अकराला झोपून पहाटे पाचला उठली तरी तिला चालत होते. आता तिला रक्तदाबाची गोळी आहे, रात्री दोनदा लघवीला उठावे लागते आणि एकदा झोप मोडली की लागत नाही. वाहिनीने कथेत पिढी बदलली, घड्याळ नाही बदलले. माझ्याकडे येणाऱ्या अशा बायकांना मी सांगतो, मालिका सोडू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात किंवा मोबाइलवर मिळते ती पाहा. दुपारी चारच्या चहाबरोबर पाहिलेली सासू रात्रीइतकीच दुष्ट असते.

'बिग बॉस मराठी'चे पहिले दोन हंगाम ऐन उन्हाळ्यात सुरू झाले होते, एप्रिल २०१८ आणि मे २०१९ मध्ये. त्यातली भांडणे मला दहा मिनिटांच्या वर सोसत नाहीत. पण एक गोष्ट मजेची वाटली. त्या घरात भिंतीवर घड्याळ नसते आणि दिवसा झोपायला बंदी असते. आमच्या घरी सुटीत नेमके उलटे. घड्याळे तीन, आणि मुले दुपारी बारापर्यंत अंथरुणात. कारण रात्री ते घर पाहत जागलेली!

आयपीएलवर फार लिहीत नाही, मीही त्यात सामील आहे. २००८ पासून एप्रिल-मे तिचेच. साडेसातला सुरू झालेला सामना साडेअकरापर्यंत चालतो, म्हणजे चार तास एका जागी. ताट समोर असले की हात चालत राहतो आणि पोट भरल्याचे कळतच नाही. वर कूलरचा झोत थेट तोंडावर. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, आणि मे महिन्यात 'डोळे आले' म्हणून येणाऱ्या निम्म्या लोकांचे डोळे आलेलेच नसतात. षटक संपले की उठून उभे राहावे, एक घोट पाणी प्यावे. एका डावात वीस षटके, वीस वेळा. सामना चुकत नाही.

आता आईची गोष्ट. आईचे वय एक्क्याऐंशी. मधुमेह बावीस वर्षांपासून, इन्सुलिन सहा वर्षांपासून. तिची एक लाडकी मालिका आहे, रात्री आठ ते साडेआठ. नाव सांगत नाही, चूक मालिकेची नव्हती. आठ वाजताच्या पहिल्या जाहिरातीत मी तिला इन्सुलिन टोचतो आणि साडेआठला ताट वाढले जाते. इन्सुलिन आणि जेवण यांत अर्धा तास, हे गणित त्या मालिकेवर इतके फिट बसले होते की आम्ही घड्याळ पाहणेच सोडून दिले होते.

मे महिन्यातला रविवार होता. त्या दिवशी दोन तासांचा महाएपिसोड होता, आठ ते दहा. आठवडाभर त्याची जाहिरात चालू होती. मी नेहमीप्रमाणे पहिल्या जाहिरातीत सुई टोचली आणि तिच्या शेजारीच बसलो. साडेआठला सूनबाई ताटे घेऊ का म्हणून विचारायला आली. आई म्हणाली, "एवढं होऊ दे." मीही म्हणालो, "होऊ दे." पावणेनऊला तेच. सव्वानऊच्या सुमारास आईला घाम फुटला. उकाडा होताच, मी कूलरचा वेग वाढवला. तिचे डोळे पाणावले होते, ओठ पुटपुटत होते. पडद्यावर मालिकेतली मुलगी घर सोडून निघाली होती, आम्हाला वाटले, आई तिच्यासाठी रडते आहे.

आठ वर्षांच्या नातवाचे लक्ष गेले. तो म्हणाला, "पणजी, ब्रेक चालू आहे. तू का रडतेस?"

पडद्यावर साबणाची जाहिरात होती. मी आईचा हात धरला तर तो गार आणि ओलाचिंब. यंत्रावर साखर आली ४८. सत्तरच्या खाली धोका समजायचा, इथे तर पन्नासही नव्हती. तीस-पस्तीस वर्षे जे लोकांना सांगितले, ते माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच शेजारी घडत होते आणि मी मालिका पाहत होतो. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, ८१. मग वरणभात. अर्ध्या तासाने आई माणसांत आली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "मग? परत आली का ती पोरगी?"

आणि लाज वाटते सांगायला, मला उत्तर माहीत होते.

ज्यांच्या घरी इन्सुलिन घेणारे किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे म्हातारे माणूस आहे (काही गोळ्यांनीही साखर अशी उतरते), त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. घाम, थरथर, छातीत धडधड, एकाएकी भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणे, यांतले काहीही दिसले तर आधी साखर तपासा. यंत्र नसेल तर वाट पाहू नका, साखरेचे पाणी द्या. पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बरे वाटले की लगेच जेवायला वाढा, नाहीतर साखर परत उतरते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. त्यांच्या उशाशी साखरेची छोटी डबी असू द्या. आमच्या आईची रिमोटशेजारी असते.

नातवाचेही सांगायला हवे, कारण त्या दिवशी शहाणपण त्याचेच कामी आले. त्याच्या वयाच्या मुलांनी टीव्ही, मोबाइल सगळे मिळून दिवसाला दोन तासांच्या आत ठेवावे, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांच्या नजरेखाली, आणि दोन वर्षांच्या आतल्यांना मुळीच नाही. नाशकात एप्रिल-मेची दुपार चाळिशी गाठते, मुलांना तेव्हा बाहेर सोडता येत नाही, हे मला कळते. दोन तास दुपारीच वापरून टाका. साडेपाचनंतर उन्हे उतरली की त्यांना घराबाहेर काढा, गोल्फ क्लबच्या मैदानावर न्या, नाहीतर गल्लीत सोडा. उजेडात, मोकळ्यावर खेळणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. आमच्या पिढीला हे शहाणपण नव्हते, फक्त टीव्ही नव्हता.

मोठ्यांसाठी आपल्या गावात मे महिन्याचा एक जुना कार्यक्रम आहे, ज्याला रिमोट लागत नाही. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. संध्याकाळी नदीकाठी वारा असतो, तेथवर चालत जाणे होते आणि वक्ता रंगला नाही तर उठून येता येते. गेल्या खेपेला मी तीनदा गेलो. एका व्याख्यानात डुलकी लागली, तीही फार छान होती.

आमच्या घरात बदल एकच झाला. आई मालिका पाहतेच, मी बंद करायला सांगितली नाही. तिचे दुपारचे तास लांबलचक असतात आणि त्या पोरीची वाट पाहण्यात ते जातात. पण आता ताट आधी वाढून झाकून तिच्यासमोर येते, मग सुई, आणि अर्ध्या तासाने पडद्यावर काहीही चालू असले तरी पहिला घास. महाएपिसोडची जाहिरात लागली की नातू कॅलेंडरवर त्या रविवाराला लाल पेनाने गोल करतो. या महिन्यात दोन गोल आहेत. आईने त्यांतल्या एकाच्या खाली आपल्या थरथरत्या अक्षरात लिहून ठेवले आहे, 'आमरस'. त्यावर आमची बोलणी अजून चालू आहेत.