औषध न लिहिण्याची फी

आपल्या मंडळींच्या बैठकीत डॉक्टरांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. काल जी गोळी जन्मभर घ्या म्हणून सांगितली, तीच आज बंद करा म्हणतात. ज्यांचे मत दर पाच-दहा वर्षांनी फिरते, त्यांच्यावर विश्वास तरी कसा ठेवावा? जुने फॅमिली डॉक्टर बरे. त्यांचा शब्द कधी बदलत नसे.

या तक्रारीशी आम्ही मुळातूनच असहमत आहोत. नवा पुरावा हाती आल्यावर वैद्यकशास्त्र मत बदलते, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. खरी चिंता वेगळीच आहे. शास्त्राचे मत बदलून वर्षे लोटली तरी आपल्या गल्लीतल्या दवाखान्यातली चिठ्ठी बदलत नाही, आणि ती बदलू नये यासाठी सर्वांत अधिक आग्रह आपला, म्हणजे रुग्णांचा असतो.

याची किंमत किती भयंकर असू शकते, हे आपल्याच प्रांताने नुकतेच पाहिले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात खोकल्याचे औषध पाजलेली वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य आढळले. तो दोष कारखान्याचा आणि तपासणीत ढिलाई करणाऱ्या यंत्रणेचा. त्याबद्दल कठोर शिक्षा झालीच पाहिजे. परंतु आमचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. साध्या सर्दी-खोकल्याच्या लहान मुलाला ती बाटली मुळात द्यायचीच कशासाठी? अशा औषधांनी लहान मुलांचा खोकला लवकर बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही, हे बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षे सांगत आले आहेत. त्या बाटलीतील सर्दीच्या दोन औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. पुरावा होता, आदेशही होता. आयुष्यभर शासकीय सेवा केलेल्या आमच्यासारख्यांना परिपत्रक निघणे आणि ते अंमलात येणे यांतील अंतर नव्याने सांगावे लागत नाही. पण या वेळी ते अंतर लेकरांच्या जिवांनी मोजले गेले.

पुराव्याने घरोघरचे उपचार कसे बदलतात, याचे उत्तम उदाहरण क्षयरोगाचे आहे. जुन्या मध्यप्रांतातील कुटुंबांना पेण्ड्रा रोडचे सॅनिटोरियम आठवत असेल. क्षयी माणसाला घरापासून दूर, मोकळ्या हवेत, सकस आहारावर महिनोन्महिने ठेवावे, हीच तेव्हाची सर्वमान्य रीत होती. १९५६ मध्ये मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला सॅनिटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन त्याच्या दाटीवाटीच्या घरीच राहू दिले. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले गरीब रुग्ण, अन्न निकृष्ट असूनही, जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. त्या निष्कर्षाने जगभरची सॅनिटोरियमे ओस पडत गेली आणि क्षयाचा उपचार साध्या डॉक्टरच्या हाती आला.

येथे कोणी म्हणेल, मग क्षयी माणसाच्या आहाराचे महत्त्व संपले काय? बरीच वर्षे तसे मानलेही गेले. पण २०२३ मध्ये झारखंडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ व डाळ यांचा शिधा दिला. तेव्हा त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. मद्रासचा निष्कर्ष यामुळे खोटा ठरला नाही. तेथे प्रश्न होता, गोळ्या चालू असताना घरी राहून रोग बरा होतो का. येथे प्रश्न होता, अन्न मिळाल्यास घरातल्या इतरांना रोग टळतो का. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेही निराळी. याला ‘मत फिरवले’ म्हणणे हा आपल्या समजुतीचा उथळपणा होय.

दुसरे उदाहरण तर आपल्या शेजारचे. गोंदिया ओलांडले की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. नवजात बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून उपचार करणे ही कामे त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन करू लागल्या. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांशी ताळा घातला, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा अभ्यास १९९९ मध्ये आला. आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात-सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो २०११ मध्ये. मधल्या बारा वर्षांत बैहर-बिरसाच्या पाड्यांवर किती बाळे गेली असतील, याचा विचार ज्याने-त्याने करावा.

या सर्वांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे कागदावरचे आकडे काय सांगता? अनुभवाबद्दल आम्हांला आदर आहे. रोग्याचा चेहरा वाचणे पुस्तकातून येत नाही. पण एकट्या अनुभवाला एक व्यंग असते. साधी सर्दी सात दिवसांत आपोआप बरी होते. तिसऱ्या दिवशी सुई टोचली की श्रेय सुईला जाते. ज्याला गुण येत नाही तो गोंदियाला किंवा नागपूरला निघून जातो, आणि डॉक्टरांच्या अनुभवात त्याची नोंदच राहत नाही. दोन गट पाडून, मोजून, ताडून पाहणे हा याच व्यंगावरचा उपाय आहे.

आता आपल्या वयाच्या वाचकांविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या डबीत ॲस्पिरिनची लहान गोळी असते. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना, स्टेंट बसवलेल्यांना ती आवश्यक असते. त्यांनी ती मनाने सोडू नये. परंतु यांपैकी काहीच झालेले नसताना केवळ खबरदारी म्हणून ती घेणाऱ्यांचे काय? ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९ हजारांहून अधिक वृद्धांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेक सत्तरीपुढचे होते. गोळीने त्यांचे धडधाकट आयुष्य वाढले नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. अभ्यास परदेशी आहे, हे खरे. म्हणूनच स्वतःच्या प्रकृतीचा हिशेब आपल्या डॉक्टरांबरोबर मांडला पाहिजे. तो प्रश्न आपण विचारला आहे काय?

विचारत नाही, कारण आपल्याला उपचार दिसावा लागतो. जुलाब झालेल्या नातवाला मीठ-साखरेचे प्रमाणबद्ध पाणी आणि जस्ताच्या गोळ्या दिल्या की आपण नाराज होतो. सलाईन लावले की समाधान पावतो. दहा मिनिटे तपासून ‘औषधाची गरज नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टरला फी देताना आपला हात आखडतो, आणि तीन रंगांच्या गोळ्या व एक सुई देणाऱ्याला आपण न मोजता देतो. छोट्या गावातल्या डॉक्टरचे घर त्या फीवर चालते. त्याने पुराव्याची कास धरावी, असे वाटत असेल तर औषध न लिहिण्याचीही फी आपण आनंदाने दिली पाहिजे.

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. बदललेले उपचार व बंद केलेली औषधे यांची माहिती दर तिमाहीस सोप्या हिंदीत प्रत्येक खासगी दवाखान्यात व औषधाच्या दुकानात पोचवावी, आणि ती पोचली की नाही याची जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा अधिकाऱ्याने तपासणी करावी. आपल्या मंडळानेही वर्षातील एक सभा या विषयाला द्यावी. पूर्वजांनी वैनगंगेकाठी येऊन शाळा आणि वाचनालये चालवली ती विचारण्याची सवय लागावी म्हणूनच. ती सवय दवाखान्याच्या उंबरठ्यावर चपलांबरोबर काढून ठेवण्याचे काहीच कारण नाही.