तेलवातीचा हिशेब

नेवाशाच्या ज्ञानेश्वर मंदिरात गाभाऱ्यात एक दगडी खांब उभा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतले, असे वारकरी पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाचे नाव या खांबावरूनच आलेले. येणारा प्रत्येक जण इथे डोके टेकवतो. खांबावर कोरलेल्या अक्षरांपाशी मात्र फार थोडे थांबतात. त्या अक्षरांत ना राजाची बिरुदे आहेत, ना लढाईची हकिकत. करवीरेश्वराच्या देवळातला दिवा अखंड तेवत राहावा म्हणून तेलासाठी केलेल्या दानाची ती नोंद आहे.

ज्या देवळाचा हा खांब, ते देऊळ आज नाही. भिंती गेल्या, शिखर गेले, दिवाही गेला. गावाबाहेर उघड्यावर खांब तेवढा राहिला. विसाव्या शतकात बन्सी महाराज तांबे यांच्या पुढाकाराने त्याच्याभोवती आजचे मंदिर उभे राहिले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्राचीन वास्तूंचा विचार करताना सुरुवात या खांबापासून करावी असे मला वाटते, कारण वास्तू कशावर टिकते याचे उत्तर त्याच्यावरच कोरलेले आहे.

आपल्याकडे दगडी देवळांचा बहर अकराव्या ते तेराव्या शतकातला. त्याच शतकांत फ्रान्सच्या लहान लहान गावांत ख्रिस्ती मठ उभे राहत होते : जाड भिंती, अर्धगोल कमानी, छोट्या खिडक्या आणि खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या कथा. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. बरगंडी प्रांतातल्या क्लूनी मठाच्या प्रचंड चर्चचे काम १०८८ मध्ये सुरू झाले. ही दोन्ही कामे घडवणाऱ्या पाथरवटांनी एकमेकांचे नावही कधी ऐकले नसेल. आज आपण त्यांच्या कामाला ज्या नावांनी ओळखतो, ती नावेही त्यांना ठाऊक नव्हती. ‘रोमनेस्क’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी रूढ केला. आपण चुन्याशिवाय रचलेल्या प्रत्येक जुन्या देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणतो. पण यादवांचा प्रधान हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि अंबरनाथचे देऊळ त्याच्या दोनशे वर्षे आधीचे.

साम्य दगडापुरते नाही. क्लूनीचा मठ ९१० साली ॲक्विटेनच्या सरदाराने जमीन दान करून स्थापला. त्या जमिनीच्या उत्पन्नावर भिक्षू राहत, प्रार्थना करत, ग्रंथांच्या नकला उतरवत. इकडे पंढरपूरचा ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ पाहावा. १२७३ ते १२७७ या काळात विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिले याची ती यादी आहे. त्यात रामदेवराय यादव आहे, हेमाद्री आहे, आणि कितीतरी साधी माणसेही आहेत. दान मोडू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी गावोगावी गद्धेगाळ रोवले. वर चंद्र-सूर्य, खाली दान बुडवणाऱ्याला दिलेली घाणेरडी शिवी. त्या शिवीमागे भीती होती : देऊळ बांधणारा मिळतो, दिव्यात रोज तेल घालणारा मिळत नाही.

हीच सोय गावगाड्यात गुरवाच्या वाट्याला आली. झाडलोट, बेल-फूल, दिवाबत्ती त्याने करायची आणि त्याबद्दल तेलवातीची इनाम जमीन खायची. रोज सकाळी हातात केरसुणी घेऊन शिरणारा माणूस देवळाचा पहिला रखवालदार असे. कोणत्या सांध्यातून पाणी झिरपते, शिखरावर कुठे पिंपळाचे रोप फुटले, कोणता दगड हलला, हे त्याला इतर कोणाच्याही आधी दिसे. राजवटी बदलल्या, १८५२ नंतर इनाम कमिशनने दक्षिणेतल्या इनामांची छाननी केली, पुढे काळ आणखी पालटला. कागदावर देवस्थान राहिले तरी जमिनीचे उत्पन्न आणि देवळाची सेवा यांची सांगड अनेक गावांत सुटली.

देवळे पाडली गेली, हे खरेच आहे आणि इतिहासाने ते नोंदवलेही आहे. पण त्याहून कितीतरी देवळे कोणीही हात न लावता ढासळली. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी शिखराच्या सांध्यात पडते. दोन पावसाळ्यांत त्याचे रोप होते, ते तेव्हा दोन बोटांनी उपटता येते. वीस वर्षांनी त्याच मुळ्या दगड फाकवतात आणि मग ते झाड काढले तर दगडच खाली येतो. दोन बोटांचे काम वेळेवर न झाल्याचा हा परिणाम.

सोय नीट असली तर दगड किती तग धरतो, हे पाहायचे असेल तर अकोले तालुक्यात रतनवाडीला जावे. रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरेच्या उगमाजवळ, अमृतेश्वराचे देऊळ सुमारे हजार वर्षे उभे आहे. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात ते येते. चार महिने धुके आणि धार. मुख्य शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी वर चढत जातात. ही भूमिज शैली. जवळच रेखीव पुष्करणी आहे, तिच्या भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. पाणी दगडावर साचणार नाही, उतारावरून वाहून जाईल, हा विचार कोरीवकामाइतकाच बारकाईने केलेला दिसतो. प्रवरा इथून निघते आणि नेवाशाला त्या खांबाच्या गावाला वळसा घालून पुढे गोदावरीला मिळते. एकाच नदीच्या वरच्या टोकाला उभे देऊळ आणि खालच्या टोकाला एकटा खांब.

फ्रान्समध्येही दोन्ही प्रकार घडले. राज्यक्रांतीत १७८९ साली चर्चच्या जमिनी सरकारजमा झाल्या, तेलवातच तुटली. क्लूनीचा मठ १७९८ मध्ये विकला गेला. विकत घेणाऱ्यांनी पुढची पंचवीस वर्षे ते चर्च म्हणजे दगडाची खाण मानली आणि चिरे विकले. एके काळी युरोपातले सर्वांत मोठे असलेले ते चर्च आज एका बाहूपुरते आणि काही मनोऱ्यांपुरते उरले आहे. व्हेझले या टेकडीवरच्या गावातल्या मठाचीही तीच गत व्हायची. पण १८३४ मध्ये प्रॉस्पेर मेरिमे हा लेखक सरकारचा स्मारक-निरीक्षक झाला आणि त्याने गावोगाव फिरून पडझडीची नोंद केली. १८४० मध्ये व्हेझलेचे काम अवघ्या सव्वीस वर्षांच्या व्हिओले-ल्-द्युक या वास्तुकाराकडे सोपवले गेले. त्याने केलेल्या काही दुरुस्त्यांवर आजही वाद होतात. पण मठ उभा आहे, आणि त्याच्या नोंदी, नकाशे, खर्च यांची परंपरा तेव्हापासून चालू आहे.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९०४ मध्ये कायदा झाला, १९५८ चा केंद्राचा आहे, १९६० चा राज्याचा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे. पण कायद्याच्या यादीत नसलेली देवळे, बारवा, वीरगळ आणि शिलालेख जिल्ह्यात कितीतरी अधिक. त्यांच्यावर आज दुर्लक्षापेक्षा मोठे संकट भक्तीच्या रूपाने येते. गावाला निधी मिळतो आणि जीर्णोद्धार सुरू होतो. कोरीव खांबांना तैलरंग लागतो, सांध्यांत सिमेंट भरते, अधिष्ठानाचे थर फरशीखाली जातात, पुढे लोखंडी पत्र्याचा मंडप उभा राहतो. हे करणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण तैलरंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो, आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही आणि कोरीव पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट दगडाबरोबर हलत नाही, त्यातले क्षार चिऱ्यात उतरतात. हजार वर्षे पावसाला पुरून उरलेला दगड असा दहा-वीस वर्षांत खराब होतो.

या जिल्ह्याने तर दुसरा मार्ग दाखवणारी बाई देशाला दिली. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी १७२५ मध्ये अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. काशी आणि सोमनाथपासून देशभर त्यांनी मंदिरे, घाट, धर्मशाळा बांधल्या, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. बांधल्यावर तिथली पूजा, अन्नछत्र, डागडुजी चालू राहावी म्हणून त्यांनी नेमणुका करून दिल्या, आणि हा खर्च दौलतीच्या तिजोरीतून न करता खासगीतून केला, हे कमी सांगितले जाते. जिल्ह्याने आता त्यांचे नाव घेतले आहे. त्या नावाबरोबर नेमणुकीची ही रीतही घ्यायला हवी.

ती रीत आज फार महाग नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या जुन्या वास्तूची वही ठेवावी. पावसाळ्याआधी आणि नंतर फोटो काढून त्यात लावावेत. दरमहा थोडी, पण न चुकणारी रक्कम एका माणसाच्या हातात द्यावी. त्याने पन्हाळी मोकळ्या ठेवाव्यात, कोवळी रोपे उपटावीत, हललेला दगड वहीत लिहावा. रंग किंवा सिमेंट लावण्याबाबत पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय निधीचा पहिला हप्ताच सुटू नये. उघड्यावर पडलेले वीरगळ आणि गद्धेगाळ जागचे न हलवता शाळांनी त्यांची नोंद करावी. तेवढ्यातून मुलांना आपल्या गावाची सातशे-आठशे वर्षे वाचता येतील.

नेवाशाच्या खांबावर ज्याने ते दान कोरले, त्याला पुढे तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे लोक मानतील, याची कल्पनाही नसणार. देवळातला दिवा विझू नये, एवढेच त्याला हवे होते. त्याच्या तेलाचा हिशेब आता आपल्या वहीत लिहायचा आहे, दर महिन्याला.