तक्रारीआधी तिकीट

‘मराठीत हल्ली पाहण्यासारखे काय निघते?’ हा प्रश्न सुशिक्षित घरांत चहाबरोबर नेमाने विचारला जातो. विचारणाऱ्यांपैकी कितींनी निखिल महाजन यांचा ‘गोदावरी’ (२०२२) पाहिला? नाशिकमध्ये भाडेवसुली करीत हिंडणारा, नदीवर आणि घरच्यांवर सारखाच चिडलेला निशिकांत जितेंद्र जोशी यांनी असा उभा केला आहे की, आधी त्याचा राग येतो आणि मग त्या रागामागचे दुःख दिसू लागते. चित्रपट संथ आहे खरा. पण नदीकाठी घाई कसली?

रहस्याची गोडी असणाऱ्यांनी परेश मोकाशी यांचा ‘वाळवी’ (२०२३) चुकवू नये. खुनाचा बेत रचणाऱ्यांची तारांबळ पाहून हसू येते आणि हसल्याची लाजही वाटते. लहान मुलांना मात्र तो दाखवू नये. त्यांच्यासाठी सुजय डहाके यांचा कृष्णधवल ‘श्यामची आई’ (२०२३) आहे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाशी त्याची तुलना होणारच. ती करण्यासाठी तरी दोन्ही पाहावेत.

पहिल्या तीन दिवसांत खुर्च्या रिकाम्या दिसल्या की चित्रपटगृहवाले खेळ उतरवतात. चांगल्या चित्रपटाची वार्ता शेजारच्या घरी पोहोचते, ती बहुधा चौथ्या दिवशी.