परवलीचा शब्द, पण कोणता?

ई-मेल पाहायला बसावे आणि पत्रांऐवजी परवलीचा शब्द मागणारी चौकट समोर यावी, हा अनुभव लिनक्स वापरणाऱ्यांना नवा नाही. आमच्या मराठी विभागातील संगणकावर ऐन परीक्षेच्या दिवसांत हेच घडले. आम्ही ई-मेलचा शब्द पुनःपुन्हा टंकित केला. चौकटीने तो दरवेळी नाकारला.

चूक आमची होती. चौकट ई-मेलचा शब्द मागतच नव्हती. ग्नोम या डेस्कटॉपवर इव्होल्यूशनसारखा ई-मेलचा प्रोग्राम आपले परवलीचे शब्द 'ग्नोम कीरिंग'च्या, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याच्या, हवाली करतो. या जुडग्यालाही स्वतःचे कुलूप असते. एरवी त्याचा शब्द आणि लॉगिनचा शब्द एकच असल्याने लॉगिन करताच तो आपोआप उघडतो. आमच्यापैकी कुणालाच लॉगिनचा शब्द आठवेना, तेव्हा तंत्रज्ञाने प्रशासकाच्या अधिकारात तो बदलून दिला होता. जुडग्याचे कुलूप मात्र जुनेच राहिले. शब्द न विचारता आपोआप लॉगिन होण्याची सोय ठेवली, तरी असेच घडते; शब्द टाकलाच नाही, तर जुडगा उघडणार कशाने?

जुना शब्द आठवत असेल, तर 'सीहॉर्स' या प्रोग्रामातून जुडग्याचा शब्द बदलून लॉगिनच्या शब्दाशी जुळवता येतो. आठवत नसेल, तर '.लोकल/शेअर/कीरिंग्ज' या दडलेल्या फोल्डरातील 'लॉगिन.कीरिंग' या फाइलचे नाव बदलून पुन्हा लॉगिन करावे. नवा जुडगा तयार होतो. साठवलेले शब्द गमवावे लागतात, पत्रे नव्हेत. आम्ही हाच मार्ग पत्करला.

पण या प्रसंगी आम्हांस मिळालेला सर्वांत सोपा सल्ला निराळाच होता: जुडग्याचा शब्द कोराच ठेवा, म्हणजे कटकट नको. आमचा विरोध आहे तो या सल्ल्याला. शब्द कोरा ठेवला, की जुडग्यातील सारे शब्द डिस्कवर उघड्या मजकुरासारखे पडून राहतात. विभागाच्या ई-मेलमध्ये विद्यार्थ्यांचे गुण असतात, प्रश्नपत्रिकांचे कच्चे खर्डे असतात. आमची दोन मिनिटे वाचावीत म्हणून त्यांच्या दारावरचे कुलूप काढण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? जुडगा एकदा उघडला, की त्याच वापरकर्त्याचे इतर प्रोग्रामही त्यातील शब्द वाचू शकतात, हे खरे. तो अभेद्य कवच नव्हे. पण भिंतीला भेग आहे म्हणून कुणी दार काढून ठेवत नाही.

चौकटीची भाषा मात्र सुधारायला हवी, असे आम्हांस वाटते. नुसते 'कीरिंग' म्हटल्याने सामान्य माणसास काय उमगणार? 'पूर्वीचा लॉगिनचा शब्द द्या, ई-मेलचा नव्हे', एवढे एक वाक्य असते, तर आमची दुपार वाचली असती.

आणि आम्हीही सुधारायला हवे. पाच जणांत एकच लॉगिन चालवायचे आणि त्याचा शब्द लक्षात ठेवण्याची जबाबदारी कुणाचीच नाही, ही आमची रीत होती. परवलीचा शब्द म्हणजे पहाऱ्यावरच्या माणसाने ओळख पटवण्यासाठी विचारायचा शब्द. तो आम्ही विसरलो, आणि वर पहारेकऱ्यावरच रागावलो.