घरकाम आणि पाठीचा सांभाळ

व्यापारी घराण्यांत दुकानाची मांडणी विचारपूर्वक केली जाते. वारंवार लागणारा माल हाताच्या उंचीवर, क्वचित लागणारा वरच्या फळीवर, जड पोती खाली आणि ती हलविण्यासाठी हमाल, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. त्याच कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मात्र रोजचा पिठाचा डबा खाली वाकल्याखेरीज हाती लागत नाही, वर्षाच्या गव्हाची कोठी कोपऱ्यात असते आणि उकळलेल्या पाण्याचे मोठे पातेले गृहिणी एकटीच उतरविते. दुकानातील शिस्त घराच्या उंबरठ्यापाशी थांबते आणि तिची किंमत गृहिणीच्या पाठीला मोजावी लागते.

कंबरेच्या पाच मणक्यांवर शरीराचा मोठा भार असतो. दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकती असते. मनुष्य पुढे वाकला की धड तोलून धरण्यासाठी पाठीचे स्नायू ताणले जातात आणि चकतीवरील दाब वाढतो. तराजूच्या दांडीप्रमाणे, वस्तू शरीरापासून जितकी दूर तितका तिचा भार अधिक. जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतीत सूक्ष्म मापक बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना दाब उभ्या स्थितीच्या साडेचार पटींहून अधिक झाला. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून तेच वजन उचलले तेव्हा तो साडेतीन पटींच्या आत राहिला आणि वजन छातीशी धरून उभे राहिल्यावर दुपटीच्या किंचित वर. वजन तेच; फरक केवळ पद्धतीचा.

तथापि पद्धतीलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही एका व्यक्तीने उचलावयाच्या वजनाची शिफारस २३ किलोपर्यंतच ठेवली आहे. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि भरलेल्या टाकीचे एकूण वजन ३० किलोच्या आसपास जाते. गव्हाचे पोते तितके किंवा त्याहून अधिक भरते. अशी वस्तू एकटीने उचलावयाची नाहीच. टाकीसाठी चाकांची बैठक घ्यावी आणि धान्य लहान डब्यांत विभागून ठेवावे.

पाठ दुखावते ती बहुधा एकाच जड वस्तूने नव्हे, तर दररोजच्या शेकडो लहान वाकण्यांनी. यावरचे उपाय साधे आहेत. आखूड केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू आणि फरशीसाठी लांब दांड्याचे पुसणे वापरावे. एका भरलेल्या बादलीऐवजी अर्ध्या अर्ध्या दोन बादल्या दोन्ही हातांत घ्याव्यात. धुण्याचे टब स्टुलावर ठेवावे. ओझे घेऊन वळताना कंबर न पिळता पावले वळवावीत. ओटा कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावा. फार वेळ उभे राहावयाचे असल्यास एक पाय आळीपाळीने बुटक्या पाटावर ठेवावा. नातवंडास जमिनीवरून उचलण्याऐवजी त्यास आधी खाटेवर चढू द्यावे.

वेळेचाही विचार हवा. रात्री झोपेत चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी उठल्यावर मनुष्याची उंची किंचित अधिक भरते आणि त्या वेळी वाकणे चकतीस अधिक जाचते. सकाळचे वाकणे टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले. घरोघरी अंथरुणे काढणे, केर आणि फरशी ही कामे नेमकी याच वेळी होतात. ती तासाभराने केली तर घराचे काही बिघडत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होत जातात आणि हलकी वस्तू उचलतानाही मणका दबून मोडू शकतो. अकस्मात उठलेली तीव्र कळ, घटलेली उंची किंवा वाढता बाक यांना ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. हाडांची तपासणी करून घ्यावी. पाय बधिर होणे, पायातील शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, किंवा दुखण्यासोबत ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. साध्या दुखण्यात मात्र दिवसचे दिवस पडून राहणे हितकर नसते. झेपेल तितके चालत राहणेच बरे.

दुकानात माणसाची पाठ धरली तर माल हलविण्याची रीत बदलली जाते. घरात मात्र मलमाची बाटली आणून विषय संपविला जातो. म्हणून पाठ जपण्याचा उपदेश केवळ गृहिणीस करून भागत नाही. दिवाळीची आवराआवर काढण्यापूर्वी घरातील कर्त्या पुरुषांनी एकदा स्वयंपाकघराची मोजदाद करावी. रोज लागणारी कोणती वस्तू गुडघ्याखाली आहे, कोणती खांद्यावर आहे, ते पाहून ती मधल्या फळीवर आणावी. टाकी कोण बदलणार, गहू कोण भरणार, माळ्यावरची भांडी कोण उतरविणार, हे नावानिशी ठरवावे. या कामास अर्धा दिवस पुरतो आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.