आपण कोणत्या राज्यात आहोत? सीमाभागातील स्मृतिभ्रंश आणि मायबोलीतील शुश्रूषा

स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी तीस गुणांची एक चाचणी आहे. तिच्यात आजचा वार, महिना आणि वर्ष विचारतात. मग प्रश्न येतो : आपण कोणत्या राज्यात आहोत? बरोबर उत्तराला एक गुण मिळतो. पणजीत किंवा पुण्यात हा प्रश्न सरळ वाटेल. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील पंचाऐंशी वर्षांच्या आजीसाठी मात्र तो सरळ नाही.

ही आजी जन्मली तेव्हा तिचे गाव मुंबई इलाख्यात होते. ती शाळेत गेली ती मुंबई राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तेच गाव म्हैसूर राज्यात गेले, 1973 मध्ये त्या राज्याचे कर्नाटक झाले आणि 2014 मध्ये बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. स्मृतिभ्रंशात, विशेषतः अल्झायमरमध्ये, बहुधा अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि बालपणीच्या दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे ती ‘मुंबई’ असे उत्तर देईल, तर ते कागदावर चूक ठरेल. पण त्या चुकीमागचे आयुष्य जाणून घेतल्याशिवाय तिची शुश्रूषा नीट होणार नाही.

व्यक्तिकेंद्री शुश्रूषेचा विचार येथूनच सुरू होतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात तो ठामपणे मांडला. रुग्णाची अवस्था केवळ मेंदूच्या झिजेमुळे बिघडत नाही. भोवतालच्यांची घाई, सतत चूक दाखवणे, लहान मुलासारखे वागवणे आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो तेथे नसल्यासारखे बोलणे यांमुळेही ती बिघडते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून आजार कोणता, याइतकेच हा माणूस कोण, हेही विचारले पाहिजे. निपाणीत उभे आयुष्य विड्या वळण्यात गेलेल्या स्त्रीच्या हातांना काम हवे असते. तिला धान्य निवडायला दिले तर ती शांत होऊ शकते. वडगाव-शहापुरातल्या विणकराला मागाविषयी विचारले तर तो बोलता होऊ शकतो. ‘अंघोळ आता करायची की चहानंतर?’ एवढा साधा प्रश्नही निर्णयाचा अधिकार रुग्णाकडे ठेवतो. सक्षमीकरण या जड शब्दाचा घरातला अर्थ एवढाच आहे.

हे सारे घडते ते भाषेतून. दुभाषिकपणा हे खरे तर सीमाभागाचे धन आहे. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेतील 648 रुग्णांवर केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकभाषिकांच्या तुलनेत दुभाषिकांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसल्याचे आढळले होते. परंतु आजार बळावला की नंतर शिकलेली भाषा आधी निसटू शकते. बाजारात अस्खलित कन्नड बोलणारा वृद्ध त्या टप्प्यावर मराठीपुरताच उरतो. त्याला कन्नडमधून किंवा इंग्रजीतून प्रश्न विचारले, तर मापली जाते ती स्मृती की भाषा, हे सांगणे कठीण होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विकसित केलेला चाचणीसंच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत सिद्ध झाला. त्यांत मराठी नव्हती. मराठीत इतर चाचण्या आहेत, पण सीमेपलीकडच्या रुग्णालयात त्या हाताशी ठेवायला कोणीतरी सांगावे लागेल.

यात डॉक्टर-परिचारिकांना दोष देण्याचा हेतू नाही. बेळगावात दोन्ही भाषा सहज बोलणारे कर्मचारी अनेक आहेत. प्रश्न त्यांच्या सौजन्यावर न सोडता व्यवस्थेत आणण्याचा आहे. कर्नाटकाने 2022 मध्ये निम्हान्सच्या सहकार्याने मेंदू आरोग्य उपक्रम सुरू केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत स्मृती व दिशाभान यांचे गंभीर विकारही येतात. केसपेपरवर ‘घरची भाषा’ असा एक रकाना, मराठी चाचणीची प्रत आणि रुग्णाच्या आयुष्याची ओळख देणारे एक पान, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. हाच न्याय सोलापूर, अक्कलकोट, जत येथील कन्नडभाषक वृद्धांनाही महाराष्ट्राने दिला पाहिजे.

गोव्याकडे या बाबतीत सांगण्यासारखे काही आहे. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी येथील दोन तालुक्यांतील 81 कुटुंबांसमवेत केलेला प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. स्थानिक, प्रशिक्षित गृहसल्लागार घरी जाऊन कुटुंबाला आजार समजावून देत, रुग्णाला कसे सांभाळावे हे दाखवत. काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य त्यामुळे सुधारले. आशा सेविकांना असे प्रशिक्षण खानापूर वा चिकोडी तालुक्यातही देता येईल. चोर्ला घाटापलीकडे नातीगोती असलेल्या गोमंतकीयांना हे परके वाटू नये. मराठी शाळेत शिकलेला, घरी कोंकणी बोलणारा आपला वृद्धही तपासणीच्या खोलीत इंग्रजीसमोर गोंधळू शकतो. आणि 1961 पूर्वी जन्मलेल्याचे राज्यही आयुष्यात बदललेले आहेच.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार देशात साठीपुढील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो 2004 मध्ये. तो निकाली निघेपर्यंत थांबण्याइतका वेळ या वृद्धांपाशी नाही. गाव कोणत्या राज्याचे, हे न्यायालय ठरवील. आजीशी तिच्या भाषेत बोलायचे की नाही, हे ठरवायला बेळगावच्या जिल्हा प्रशासनाला निकालाची वाट पाहावी लागत नाही.